केडगावची माती



पंडिता रमाबाई हे नाव आपल्याला नवे नाही. शाळेच्या पुस्तकातून त्यांची ओळख झालेली असते. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांचे टपाल तिकीटही काढले. संस्कृतच्या विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, विधवांचा आधार, बायबलच्या भाषांतरकार हे सगळे आपण कधी ना कधी ऐकलेले असते. मात्र याच बाईंनी शंभर एकर जमीन विकत घेतली, विहिरी खोदवल्या, फळबाग लावली आणि दुष्काळात अर्धमेल्या झालेल्या शेकडो मुलींना त्या मातीच्या आधाराने पुन्हा उभे केले, हा भाग बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. या रविवारी आम्ही तोच भाग थोडा सविस्तर सांगणार आहोत.

आधी दोन खुलासे. पहिला असा की हे केडगाव म्हणजे आपल्या नगर शहराला लागून असलेले केडगाव नव्हे. हे पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, रेल्वेच्या रुळाजवळ आहे. दुसरा असा की रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतील नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात १८८३ साली झाला आणि पुढेही त्या कोणत्याच एका चर्चच्या चौकटीत फारशा रमल्या नाहीत. अँग्लिकन सभा ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करते. आपल्या वेदीवर त्यांची प्रतिमा नसेल, पण त्यामुळे त्यांच्याकडून शिकण्याला कोणतीच आडकाठी नाही, असे आम्हाला वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण कर्नाटकात, सह्याद्रीच्या दाट रानात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले आणि त्यावरून जातभाईंचा रोष ओढवून घेतला. तेव्हा ते पत्नीला घेऊन रानात गेले, झाडे तोडून जागा मोकळी केली, घर बांधले आणि तिथेच शिष्यांना शिकवू लागले. त्यांच्याकडे जमीनजुमला होता. पण यात्रेकरू आणि पाहुणे यांचा पाहुणचार करता करता कर्ज झाले, जमीन गेली आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असताना सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून नेले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे या कुटुंबाला घर असे नव्हतेच. देवळात किंवा धर्मशाळेत उतरायचे, पुराण सांगायचे, लोक देतील त्यावर राहायचे. पहाटे आई मुलीला शिकवी. मुलीला हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. साल १८७० नंतरचे दशक, आणि रमाबाई जेमतेम सोळा वर्षांच्या. लोकांनाच खायला नाही तर पुराणिकाला कोण देणार? या कुटुंबाने दागिने विकले, भांडीकुंडी विकली, शेवटी अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरले नाही. मग तिरुपतीजवळच्या रानात जाऊन मरण येईल तसे स्वीकारावे असे ठरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री ते पाणी, झाडपाला आणि रानखजूर यांवर राहिले. म्हाताऱ्या, आंधळ्या झालेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे मनात आणले. तेव्हा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास पुढे आला. जातीचा मोठेपणा आता सोडतो आणि मिळेल ती मजुरी करून आईबापांना पोसतो, असे त्याने सांगितले.

बंधुभगिनींनो, येथे आम्ही जरा थांबतो. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत या दिवसांबद्दल मोठ्या प्रामाणिकपणे लिहिले आहे. भीक मागायची लाज आणि अंगमेहनत करायचीही लाज. शिवाय हाताने करता येईल असे कोणतेच काम त्या घरात कोणाला शिकवलेले नव्हते. वेद-शास्त्र-पुराणे डोक्यात भरलेली, पण कुदळ कशी धरावी हे ठाऊक नाही. त्या घराला दुष्काळाने मारले हे खरे, पण या न शिकण्यानेही मारले. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा प्राचीन ग्रीक विचारवंतांचे असेच मत वाचले होते की हाताचे काम गुलामांचे आणि चिंतन तेवढे मोकळ्या माणसाचे. ग्रीस काय आणि आपला देश काय, डोके वर आणि हात खाली ही उतरंड सगळीकडे सापडते. नासरेथच्या सुताराने ती उतरंड मोडली असे आपण प्रवचनांत सांगतो. घरी मात्र मुलगा शेतात राबला तर शिकून काय केलेस असे आपणच त्याला विचारतो. असो.

श्रीनिवासने शब्द पाळला, पण उशीर झाला होता. रानातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत वडील वारले. त्यांनी मरणापूर्वी संन्यास घेतला होता, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांना मातीत पुरायचे होते. मदतीला कोणी आले नाही. मुलाने बापाचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि दोन मैल एकट्याने वाहून नेऊन पुरला. मग आई गेली. तिची तिरडी उचलायला फार मिनतवारीने दोन माणसे मिळाली. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. त्या अंगाने ठेंगण्या, म्हणून तिरडीचा आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. थोरली बहीणही गेली. उरले भाऊ आणि बहीण.

ही दोघे पुढे पायी उत्तरेकडे गेली. पंजाबात झेलम नदीच्या काठी एका थंडीत अंगावर पांघरायला काही नव्हते. तेव्हा दोघांनी नदीच्या वाळवंटात आपल्यापुरते दोन खड्डे खणले, अगदी कबरीसारखे. त्यात आडवे झाले, डोके तेवढे बाहेर ठेवले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. आम्ही ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा कितीतरी वेळ मनातून गेली नाही. ज्या मातीत बापाला ठेवले, तीच पुढे लेकरांना ऊब देते. रमाबाईंनी ही गोष्ट कसलेही अलंकार न लावता, जशी घडली तशी सांगून टाकली आहे.

त्यानंतरच्या काही वर्षांतले प्रसंग प्रसिद्ध आहेत, तेव्हा आम्ही ते भराभर सांगतो. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड, बाप्तिस्मा, मग १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिका. तेथे त्यांनी बालशिक्षणाची फ्रोबेलची पद्धत अभ्यासली. फ्रोबेल हा जर्मन शिक्षक. त्याने बालशाळेला मुलांची बाग असेच नाव दिले आणि प्रत्येक मुलाला मातीचा एक लहानसा वाफा स्वतःचा म्हणून असावा, असा त्याचा आग्रह होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. त्यात बालविधवा शिकू लागल्या. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठे वादळ झाले, सल्लागार मंडळातील मोठी माणसे बाजूला झाली, पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती खरे, हा येथे विषय नाही. पण एक व्यावहारिक अडचण रमाबाईंना आधीपासून दिसत होती. अमेरिकेतील मित्रमंडळींनी दहा वर्षे मदत करायचे कबूल केले होते. ती मुदत १८९८ च्या सुमारास संपणार. पुढे काय? दुसऱ्याच्या देणगीवर जगणारे घर किती टिकते, हे पुराणिकाच्या त्या मुलीला वेगळे सांगायला नको होते. म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. संत्री, लिंबू आणि आंबा यांची बाग लावायची, फळे विकायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा साधा हिशोब होता.

केडगावचा भाग आपल्यासारखाच, पर्जन्यछायेतला. घाटावर पडणारा पाऊस तिथवर येईपर्यंत थकतो. अशा जमिनीत फळझाडे लावायची म्हणजे आधी विहीर, मग मोट, मग राखण, आणि पाचसहा वर्षे नुसते थांबणे. आपल्या पठार भागातील शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

झाडे अजून लहानच होती, तोच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. रमाबाई आधी कचरल्या. पैसा नाही, जागा नाही. पण तिरुपतीजवळचे ते रान त्यांच्या मनातून कधी गेलेच नव्हते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून अनाथ मुली व तरुण विधवा आणू लागल्या. बघता बघता संख्या तीनशेच्या घरात गेली. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला. इतक्या मुली शहरात ठेवायला सरकारी परवानगी मिळेना. तेव्हा सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेले. राहायला तंबू आणि गवताच्या झोपड्या. पुढे पक्की इमारत झाली, तेच 'मुक्ती सदन'. म्हणजे जी जमीन पैशासाठी घेतली होती ती माणसांसाठी उपयोगी पडली. देवाच्या हिशोबाची वही वेगळी असते, एवढेच आम्ही म्हणू.

या मुली कशा होत्या, याची कल्पना करा. हाडांचे सापळे, अंगावर फोड, केसांत उवा. कित्येकींनी आईबाप डोळ्यांदेखत मेलेले पाहिलेले. वाटेत कोणी फसवलेले, कोणी विकलेले. उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवण देता येत नाही, ते जिवावर बेतते, म्हणून थोडे थोडे द्यावे लागते. आणि शरीर भरून आले तरी मनातला दुष्काळ हटत नाही. असे मूल भाकरीचा तुकडा उशाखाली दडवून ठेवते, कारण उद्या मिळेल यावर त्याचा विश्वास नसतो. शेजारणीच्या ताटावर झडप घालते. कोणी मायेने जवळ घेतले तरी अंग आखडते.

अशा मुलींना रमाबाईंनी काय दिले? प्रार्थना दिली, अक्षर दिले, आणि हाताला काम दिले. शेत, भाजीचे वाफे, गायीगुरे, तेलाचा घाणा, हातमाग, स्वयंपाक, पुढे छापखानासुद्धा. प्रत्येकीने शिकायचे आणि प्रत्येकीने राबायचे. ब्राह्मणाची मुलगी म्हणून खुरपे हातात धरायचे नाही, हे केडगावला चालत नव्हते. ज्या अज्ञानाने डोंगरेशास्त्रींचे घर मेले, ते अज्ञान आपल्या दारात राहू द्यायचे नाही असा त्यांचा निश्चय होता, असे त्यांची साक्ष वाचताना आम्हाला जाणवते.

आता माती माणसाला बरे करते म्हणजे नेमके काय करते? याचा विचार आम्ही आमच्यापुरता असा केला आहे. बी पेरायला उद्यावर विश्वास लागतो. ज्या मुलीला उद्याचीच भीती, तिच्या हातात मेथीचे मूठभर बी द्या. ते खाऊन टाकायचे नाही, मातीत टाकायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसतो, महिनाभरात जुडी होते. तिला कोणी उपदेश केलेला नसतो, पण उद्या येतो आणि काहीतरी घेऊन येतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. पुन्हा, त्या काळी विधवेची सावली अशुभ. लग्नकार्यात तिने पुढे यायचे नाही, सकाळी तिचे तोंड पाहायचे नाही. मातीला मात्र कोणाचा विटाळ नाही. कुंकू असलेल्या हाताने पेरले तर जसे उगवते तसेच पांढऱ्या कपाळाच्या बाईने पेरले तरी उगवते. आयुष्यभर अपशकुनी म्हणवून घेतलेल्या बाईला हे पाहून काय वाटले असेल! आणि तिसरी गोष्ट म्हणजे माती घाई करू देत नाही. निंदताना, पाणी देताना हात चालू असतात आणि मन हळूहळू मागचे सगळे उलगडत जाते. रडू आले तर रडता येते, कोणी बघत नाही. संत बेनेडिक्टच्या मठांत प्रार्थना आणि शेतकाम शेजारी शेजारी ठेवले गेले, त्याचे एक कारण हेही असावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माती हे औषध नव्हे. घरात कोणाला मनाचा आजार असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका. खुरपे डॉक्टरांची जागा घेत नाही. रमाबाईंनीही मुलींना नुसते रानात सोडले नव्हते. जेवण, औषधपाणी, शाळा आणि रात्री जवळ झोपणारी मोठी बाई, हे सगळे त्याबरोबर होते.

१८९९-१९०० चा दुष्काळ आणखी मोठा होता. गुजरात आणि राजपुताना उजाड झाला. आपल्या नगर जिल्ह्यातील जुन्या घरांतूनही त्या दुष्काळाच्या आठवणी आजी-पणजींकडून आलेल्या असतील. केडगावची संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली. आणि त्या वर्षी पाऊस तिथेही नव्हता. एवढ्या माणसांना, गुरांना आणि भाज्यांना विहिरींचे पाणी पुरायचे कसे? रमाबाईंनी लिहून ठेवले आहे की संध्याकाळी विहिरी उपसून कोरड्या होत आणि सकाळी त्यांत पुन्हा दिवसापुरते पाणी आलेले असे. भूजलाचा अभ्यासक सांगेल की रात्रभर उपसा थांबला की झरे भरतात. ते खरेच आहे. रमाबाईंनी त्यासाठी रोज गुडघे टेकले, हेही खरे आहे. आम्हाला यात भांडण दिसत नाही. इस्राएल लोकांना रानात मान्नासुद्धा एका दिवसापुरताच मिळत होता.

आपल्या संगमनेर तालुक्यात दरेवाडी आहे. १९९० नंतरच्या दशकात तेथील लोकांनी फादर हर्मन बाखर यांनी उभ्या केलेल्या पाणलोटाच्या कामात श्रमदान करून डोंगरउताराची माती अडवली, चर खणले, झाडे लावली. फादर बाखर २०२१ मध्ये देवाघरी गेले. दरेवाडीला जाणारे लोक पाण्याची पातळी किती वाढली ते विचारतात, आणि ते विचारायलाच हवे. पण एकाच चरात शेजारी शेजारी उभे राहून खणताना माणसामाणसांत काय बदलते, तेही कधी तेथल्या जुन्या बायकांना विचारून पाहावे.

पुन्हा केडगावकडे. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक त्यासाठी शिकल्या. विद्वानांचे मराठी त्यांना सहज लिहिता आले असते, पण शेतात आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या, नुकत्याच अक्षरे लावू लागलेल्या बायकांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. तेव्हा कान जवळजवळ गेले होते, प्रकृती खालावली होती. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पाने शिवणाऱ्या मुक्तीच्याच बायका. म्हणजे वाफे निंदून सरळ झालेले हात आता देवाचे वचन छापत होते.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळे सोपवायचे होते तीच. बापाला, आईला, बहिणीला, भावाला आणि नवऱ्याला मूठमाती दिलेल्या बाईवर लेकीची पाळी आली. त्या पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. भाषांतराचे काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे व्हायला थोडे दिवस असताना, पहाटे झोपेतच त्यांनी प्राण सोडला. छापलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालेच्या मरियेने प्रभूला पाहिले आणि बागेचा माळी समजली, हे शुभवर्तमान आपण दर पास्काला ऐकतो. आम्हाला नेहमी वाटते की तिची चूक फार मोठी नव्हती.

रमाबाईंचा देह केडगावच्याच मातीत आहे. मुक्ती मिशन आजही तेथे उभे आहे. पुणे-दौंड मार्गावरच्या साध्या गाड्या केडगाव स्टेशनवर थांबतात. ज्यांना पाहायला जायचे असेल त्यांनी मिस्सा झाल्यावर आम्हाला भेटावे. दहा-बारा जण जमले तर पावसाळ्यानंतर एखाद्या शनिवारी जाऊन येता येईल.